२१४७४८३६४७ : एका मोठ्या मूळ संख्येची घडण

एकतीस दिवसांच्या महिन्यात पहिल्या तारखेला एक रुपया, दुसऱ्या तारखेला दोन, तिसऱ्या तारखेला चार, अशी रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट रक्कम बाजूला ठेवत गेले, तर एकट्या एकतीस तारखेला १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ रुपये ठेवावे लागतात आणि महिन्याची एकूण बेरीज २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ रुपये भरते. ही बेरीज अविभाज्य, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या शब्दात मूळ संख्या आहे. कितीही जणांत समान वाटायला गेले तरी एक तर सगळी रक्कम एकालाच द्यावी लागते, नाहीतर तितक्याच माणसांत प्रत्येकी एक रुपया वाटावा लागतो. मधला कोणताही मार्ग उरत नाही.

नाशिकमध्ये आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवताना ही संख्या फळ्यावर लिहिली, की थोड्याच वेळात कुणीतरी विचारतेच, ‘सर, ही मूळ आहे हे कळलं कसं?’ प्रश्न अगदी योग्य आहे. ९७ ही मूळ संख्या आहे हे सांगायला २, ३, ५ आणि ७ ने भागून पाहणे पुरते, पण मोबाइल क्रमांकाइतक्या दहा अंकी संख्येबद्दल इतक्या खात्रीने कसे बोलता येते? मला वाटते, मोठ्या मूळ संख्यांविषयी समजून घेण्यासारखे जे काही आहे त्यातले बहुतेक या एका प्रश्नाच्या उत्तरात सामावलेले आहे. ते उत्तर असे, की संख्या किती मोठी आहे यापेक्षा ती कशी घडली आहे हे अधिक महत्त्वाचे असते. २१४७४८३६४७ च्या आसपासच्या एखाद्या वाटेल त्या संख्येबद्दल अठराव्या शतकातल्या माणसाला हा निर्वाळा देणे फार जड गेले असते; हिच्याबद्दल तो देता आला, कारण हिच्या घडणीत पकडण्याजोगी एक मूठ आहे.

आधी सरळ मार्ग पाहू. एखादी संख्या मूळ नसेल, तर तिचे निदान दोन अवयव असतात आणि त्यांपैकी लहान अवयव तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा असू शकत नाही. २१४७४८३६४७ चे वर्गमूळ ४६३४० आणि ४६३४१ यांच्या दरम्यान येते. त्यामुळे ४६३४० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावे, आणि एकानेही पूर्ण भाग गेला नाही तर काम संपले. अशा मूळ संख्या सुमारे ४८०० आहेत. एका भागाकाराला दोन मिनिटे धरली तरी १६० तास लागतात, आणि त्याआधी त्या ४८०० मूळ संख्यांची बिनचूक यादी हाताशी असावी लागते. हे अशक्य नाही, पण कोणत्याही एका पानावर झालेली छोटीशी चूक सगळी मेहनत वाया घालवू शकते.

आता घडण पाहू. १ + २ + ४ + ८ अशा दुपटीच्या बेरजेचा एक सोपा गुणधर्म आहे: बेरीज नेहमी पुढच्या पदापेक्षा एकाने कमी येते. १ + २ + ४ = ७, म्हणजे ८ वजा १. एकतीस पदांची बेरीज म्हणूनच २^३१ − १ होते. यातले २^३१ म्हणजे २ चा ३१ वा घात, अर्थात एकतीस दोनांचा गुणाकार. द्विमान पद्धतीत, म्हणजे केवळ ० आणि १ हे अंक वापरणाऱ्या लेखनात, ही संख्या एकापुढे एक असे एकतीस १ लिहून दाखवता येते.

फक्त १ या अंकाने लिहिल्या जाणाऱ्या संख्यांचे वेड नाशिककरांना परके वाटू नये. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे गणिती देवळालीच्या शाळेत शिक्षक होते, १९६२ मध्ये ते निवृत्त झाले, आणि ११, १११, ११११ अशा संख्यांशी, त्यांच्या वर्गांशी आणि त्यांतून निघणाऱ्या आकृतिबंधांशी ते आयुष्यभर रमले. त्यांचे काम दशमान पद्धतीतले होते. तरीही एक गोष्ट दोन्ही पद्धतींत जशीच्या तशी खरी ठरते. १११११११ मध्ये सात १ आहेत. १११११ मध्ये पाच आहेत. पण या दोन्हींच्या मधल्या सहा १ च्या संख्येचे, म्हणजे ११११११ चे, लगेच तुकडे पडतात. सहा १ चे तीन-तीनचे दोन गट होतात, म्हणून १११ × १००१ हा गुणाकार करून पाहिला तर सहाही १ परत मिळतात. दशमान पद्धतीत हे एकशे अकरा गुणिले एक हजार एक आहे, तर द्विमान पद्धतीत हेच ७ × ९ = ६३ आहे. १ च्या ओळीची लांबी संयुक्त असली की ओळ समान गटांत तुटते आणि संख्येचे अवयव आपोआप दिसतात. म्हणून २^न − १ ही मूळ संख्या व्हायची असेल, तर ‘न’ हा घातांक स्वतः मूळ असायलाच हवा. ३१ मूळ आहे, तेव्हा पहिला अडथळा पार झाला.

मात्र एवढे पुरत नाही. घातांक ११ घेतला तर २^११ − १ = २०४७ मिळते आणि ती २३ × ८९ आहे. २३ घेतला तर ८३८८६०७ मिळते आणि तिला ४७ ने भाग जातो. घातांक मूळ असणे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही, आणि नेमक्या या फरकाने सतराव्या शतकातल्या मोठमोठ्या अभ्यासकांना चकवले. इटलीतील पिएत्रो कातालदी यांनी २^१७ − १ आणि २^१९ − १ या मूळ असल्याचे योग्य रीतीने दाखवले, पण पुढे २३, २९, ३१ आणि ३७ हे घातांकही मूळ संख्याच देतात असे त्यांनी मानले. फ्रेंच गणिती फेर्मा यांनी १६४० मध्ये २३ आणि ३७ खोडून काढले, स्विस गणिती ऑयलर यांनी १७३८ मध्ये २९ खोडला. चौघांपैकी ३१ तेवढा उरला. फ्रान्समधील मरीन मेर्सेन या धर्मोपदेशकाने १६४४ मध्ये अशा घातांकांची एक यादी प्रसिद्ध केली आणि त्यामुळे या घडणीच्या मूळ संख्यांना आज मेर्सेन यांचे नाव आहे, पण त्यांच्या यादीतही ६७ आणि २५७ हे चुकीने आले होते आणि ६१, ८९ व १०७ राहून गेले होते. ३१ त्या यादीत होता. तो बरोबर आहे याची सिद्धता मात्र कुणाकडेच नव्हती.

ती सिद्धता लिओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये गणिती बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात जाहीर केली. त्या वेळी ऑयलर पासष्टीचे होते, सेंट पीटर्सबर्गमध्ये राहत होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा नववीच्या मुलालाही कळू शकतो, म्हणून तो जरा सावकाश पाहू.

लहान उदाहरणाने सुरुवात करू. २ चे घात घ्यावेत आणि प्रत्येकाला २३ ने भागल्यावर उरणारी बाकी लिहीत जावी. २, ४, ८, १६ हे तसेच राहतात. ३२ ला २३ ने भागल्यास बाकी ९. पुढे प्रत्येक बाकीची दुप्पट करून गरज पडल्यास २३ वजा करायचे. अशा रीतीने १८, १३, ३, ६, १२ आणि अकराव्या पायरीला १ मिळते. १ आले की पुन्हा २ पासून तेच चक्र सुरू होते. चक्राची लांबी ११ आहे, आणि २३ वजा १ म्हणजे २२ ही ११ च्या पटीत आहे. हा योगायोग नाही. फेर्मा यांचा सिद्धान्त सांगतो, की भाजक ही २ सोडून कोणतीही मूळ संख्या असली, तर तिच्यापेक्षा एकाने लहान असलेल्या घातांकाला बाकी १ येतेच. त्यामुळे चक्राची लांबी नेहमी ‘मूळ भाजक वजा १’ या संख्येला पूर्ण भागते.

आता समजा, ‘भ’ ही एखादी मूळ संख्या २^३१ − १ ला पूर्ण भागते. याचा अर्थ २^३१ ला ‘भ’ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणजे एकतिसाव्या पायरीला चक्र १ वर येते. तेव्हा चक्राची लांबी ३१ ला भागणारी असली पाहिजे. पण ३१ मूळ आहे, म्हणून ती लांबी १ किंवा ३१ एवढीच असू शकते, आणि १ असणे शक्य नाही, कारण पहिली बाकीच २ आहे. राहता राहिली ३१. म्हणजेच भ − १ ही ३१ च्या पटीत हवी. शिवाय ‘भ’ विषम असल्याने भ − १ सम आहे, तेव्हा ती ६२ च्या पटीत हवी. एकाच दमात बहुतेक सगळे उमेदवार बाद झाले: ३, ५, ७, ११, १३, १७ यांपैकी एकानेही भागून पाहण्याची गरज उरली नाही, कारण त्यांच्यातून १ वजा केल्यावर ६२ ची पट मिळत नाही.

यावर ऑयलर यांनी आणखी एक गाळणी लावली. २^३१ ची बाकी १ असेल, तर २^३२ ची बाकी २ असणार. पण २^३२ हा तर ६५५३६ चा वर्ग आहे. याचा अर्थ असा, की ‘भ’ ने भागल्यावर २ ही बाकी देणारा एक पूर्ण वर्ग अस्तित्वात आहे. अशी सोय प्रत्येक मूळ संख्येत नसते. ७ मध्ये आहे, कारण ३ चा वर्ग ९ आणि बाकी २. २३ मध्ये आहे, कारण ५ चा वर्ग २५ आणि बाकी २. ११ मध्ये मात्र वर्गांच्या बाक्या १, ३, ४, ५ आणि ९ एवढ्याच येतात, २ कधीच येत नाही. नियम असा आहे, की ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ देणाऱ्या मूळ संख्यांमध्येच हे घडते. दोन्ही अटी एकत्र केल्या की ‘भ’ ला २४८ ने भागल्यास बाकी १ किंवा ६३ हीच यायला हवी.

४६३४० पर्यंत अशा साच्यातल्या संख्या चारशेहूनही कमी आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच स्वतःच संयुक्त असल्यामुळे आधीच गळतात. सुरुवातीच्याच घेतल्या तर ६३ ला ३ ने भाग जातो, २४९ ला ३ ने, ४९७ ला ७ ने, ५५९ ला १३ ने. खरा पहिला उमेदवार ३११ हा आहे आणि दुसरा थेट १३०३. ३११ ने भागून पाहा: ३११ × ६९०५०९२ = २१४७४८३६१२, बाकी ३५. १३०३ ने भागल्यास बाकी २२६ येते. मला वर्गात सगळ्यात आवडणारा क्षण हा असतो, की ४८०० भागाकारांचा डोंगर शंभराहून कमी भागाकारांवर उतरतो आणि ते शंभरही कुणाच्या मर्जीने निवडलेले नसून संख्येच्या घडणीनेच निवडून दिलेले असतात. ऑयलर यांनी हे भागाकार तपासले, एकही पूर्ण गेला नाही, आणि २१४७४८३६४७ ही त्या काळातली ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या ठरली. तो मान तिच्याकडे ऐंशीहून अधिक वर्षे राहिला.

या शोधाला आणखी एक फळ लगडलेले होते. ज्या संख्येच्या स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच होते तिला परिपूर्ण संख्या म्हणतात; ६ = १ + २ + ३ हे सगळ्यांना माहीत असलेले उदाहरण, त्यापुढे २८, ४९६ आणि ८१२८. २^न − १ मूळ असेल, तर तिला २^(न−१) ने गुणल्यावर परिपूर्ण संख्या मिळते हे युक्लिडने दाखवले होते. ३१ साठी ही संख्या २३०५८४३००८१३९९५२१२८ येते, म्हणजे एकोणीस अंकी. सम परिपूर्ण संख्या फक्त याच मार्गाने मिळतात हे पुढे ऑयलर यांनीच सिद्ध केले. पीटर बार्लो या इंग्लिश गणितीने १८११ मध्ये लिहिले, की याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधीच सापडणार नाही, कारण या संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत आणि त्यांच्यामागे लागण्याचे श्रम कुणी घेणार नाही. माणसाच्या कुतूहलाचा हा अंदाज फारच कमी होता. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी २^१२७ − १ ही एकोणचाळीस अंकी संख्या मूळ असल्याचे हाताने आकडेमोड करून दाखवले.

ल्युका यांनी हे भागाकार करून दाखवले नाही. एकोणचाळीस अंकी संख्येपुढे ऑयलर यांची गाळणीही अपुरी पडते. त्यांनी अशी कसोटी शोधली, जिच्यात एकही संभाव्य विभाजक तपासावा लागत नाही. तिला आजचे सुटसुटीत रूप १९३० मध्ये डेरिक हेन्री लेमर यांनी दिले. ४ पासून सुरुवात करायची. प्रत्येक पायरीला हातातल्या संख्येचा वर्ग करून २ वजा करायचे आणि ज्या संख्येची परीक्षा चालू आहे तिने भागून बाकी ठेवायची. घातांक ‘न’ असेल तर ‘न − २’ पायऱ्यांनंतर बाकी ० आली पाहिजे. २^५ − १ = ३१ वर करून पाहू. ४ चा वर्ग १६, वजा २ म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४, त्याला ३१ ने भागल्यास बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २ म्हणजे ६२, आणि ६२ ला ३१ ने पूर्ण भाग जातो. तीन पायऱ्या झाल्या, शून्य आले, ३१ मूळ आहे. तीच कसोटी २०४७ ला लावली तर नवव्या पायरीला १७३६ उरतात, शून्य येत नाही. २०४७ संयुक्त असल्याचे कळले, पण २३ आणि ८९ मात्र कुठेच दिसले नाहीत. संख्येचे अवयव न सापडताही ती संयुक्त आहे हे निःसंशय कळू शकते, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटते आणि ती वाटायलाच हवी.

२१४७४८३६४७ साठी अशा एकोणतीस पायऱ्या लागतात. पहिल्या चार पायऱ्यांत १४, १९४, ३७६३४ आणि १४१६३१७९५४ या संख्या येतात आणि भागाकाराची गरजच पडत नाही; पाचवीपासून एकोणीस अंकी वर्ग सुरू होतात. तो भागाकारही दिसतो तितका अवघड नाही. एखाद्या संख्येला ९ ने भागल्यावर उरणारी बाकी आपण अंकांच्या बेरजेवरून काढतो. दशमान पद्धतीत ९ चे जे स्थान, तेच द्विमान पद्धतीत एकतीस १ च्या संख्येचे: मोठ्या संख्येचे उजवीकडून एकतीस-एकतीस अंकांचे गट पाडायचे आणि ते गट एकमेकांत मिळवायचे. लहान प्रमाणात ३१ वर पाहा. १००० हे द्विमान पद्धतीत दहा अंकी १११११०१००० आहे, त्याचे पाच-पाचचे गट १११११ आणि ०१०००, म्हणजे ३१ आणि ८, बाकी ८. संगणकाला गट पाडणे आणि बेरीज करणे भागाकारापेक्षा कितीतरी स्वस्त पडते, आणि मेर्सेन संख्यांची तपासणी इतरांपेक्षा वेगाने होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

संगणकाचा विषय निघालाच आहे, तर या संख्येच्या प्रसिद्धीतला एक गोंधळ दूर करायला हवा. बत्तीस द्विमान स्थानांपैकी एक स्थान धन-ऋण चिन्हासाठी राखले, की उरलेल्या एकतीस स्थानांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७ होते. अनेक जुन्या संगणक प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशाच बत्तीस स्थानांत मोजतात. ही मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे नाशिकमध्ये सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झालेले असताना, या संख्येवर पोहोचेल आणि सुधारणा न केलेल्या यंत्रांत पुढच्याच सेकंदाला ऋण होऊन डिसेंबर १९०१ दाखवू लागेल. या अडचणीचा संबंध संख्येच्या मूळ असण्याशी अजिबात नाही. तो केवळ एकतीस जागा भरल्याचा परिणाम आहे. घातांक ३१ ऐवजी २९ असता, तर मर्यादा संयुक्त संख्येवर आली असती आणि अडचण तशीच राहिली असती.

मूळ असण्याचा खरा उपयोग होतो तो यादृच्छिक वाटणाऱ्या संख्या निर्माण करण्यासाठी. वर उल्लेख केलेल्या लेमर यांनीच १९४९ मध्ये अशी पद्धत सुचवली होती, की एखाद्या संख्येला ठरावीक गुणकाने गुणावे, ठरावीक भाजकाने भागून बाकी घ्यावी आणि त्या बाकीवर पुन्हा तेच करावे. पुढे १९६९ मध्ये भाजक म्हणून २१४७४८३६४७ आणि गुणक म्हणून १६८०७ वापरण्यात आला, आणि १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी हीच जोडी किमान दर्जाचे परिमाण म्हणून पुढे ठेवली. १ पासून निघाले तर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३ अशा संख्या येत जातात. भाजक मूळ असल्यामुळे दोन गोष्टींची हमी मिळते. एक म्हणजे बाकी कधीही ० होत नाही, कारण मूळ संख्या एखाद्या गुणाकाराला भागते तेव्हा ती त्याच्या निदान एका घटकाला भागतेच. दुसरी हमी चक्राच्या लांबीची. २ चे घात या भाजकापुढे एकतीस पायऱ्यांतच १ वर परततात, जे अशा कामाला निरुपयोगी आहे. पण ७ चे घात १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा आणि एकदाच गाठल्याशिवाय परतत नाहीत. १६८०७ हा ७ चा पाचवा घात आहे. भाजकातून १ वजा केल्यास मिळणाऱ्या २१४७४८३६४६ चे मूळ अवयव २, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१ आहेत. त्यांत ५ नसल्यामुळे पाचवा घात घेऊनही चक्राची पूर्ण लांबी शाबूत राहते. गुप्तता राखण्यासाठी मात्र ही पद्धत वापरू नये, कारण एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळतात.

शेजाराकडेही एक नजर टाकू. हिच्या आधीची मूळ संख्या २१४७४८३६२९, म्हणजे अठराने मागे, आणि नंतरची २१४७४८३६५९, म्हणजे बाराने पुढे आहे. या परिसरात लागोपाठच्या मूळ संख्यांमधले सरासरी अंतर साडेएकवीसच्या आसपास असते, त्यामुळे हा शेजार जरा दाटच म्हणायचा. मूळ संख्यांच्या रांगेत हिचा क्रमांक १०,५०,९७,५६५ वा आहे. ४ ने भागल्यास बाकी ३ उरते, म्हणून ती दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात मांडता येत नाही.

कापरेकरांच्या पद्धतीने तिच्याकडे पाहिले तर आणखी एक गंमत हाती लागते. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून नवी संख्या तयार करायची. १५ मध्ये १ + ५ मिळवले की २१ होतात, म्हणजे १५ ही २१ ची जनक. जिला कोणतीच जनक संख्या नाही तिला कापरेकरांनी स्वयंभू म्हटले, आणि अशा संख्यांना देवळाली संख्या असेही नाव आहे. आपला घातांक ३१ हा स्वयंभू आहे. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून ३१ मिळत नाहीत. २१४७४८३६४७ मात्र स्वयंभू नाही. २१४७४८३६०६ च्या अंकांची बेरीज ४१ आहे आणि ती मिळवली की हीच संख्या येते. तसेच २१४७४८३५९७ च्या अंकांची बेरीज ५० आहे आणि ती मिळवली तरी हीच संख्या येते. याखेरीज तिसरी जनक नाही. दोन वेगवेगळ्या वाटा जिथे मिळतात अशा संख्येला कापरेकर जंक्शन संख्या म्हणत, आणि १०१ ही अशी पहिली संख्या आहे, कारण ९१ + १० आणि १०० + १ दोन्ही तिथेच पोहोचतात. अर्थात हा गुणधर्म दशमान लेखनावर अवलंबून आहे. दुसऱ्या पायावर संख्या लिहिली, तर जनक बदलतील. मूळ असणे मात्र कोणत्याही पायावर बदलत नाही. मला दोन्ही गुणधर्म प्रिय आहेत, पण त्यांची जात वेगळी आहे हे मुलांना आवर्जून सांगावे लागते.

३१ स्वतःही २^५ − १ आहे, म्हणजे आपली संख्या मेर्सेन घडणीची घातांकही मेर्सेन असलेली मूळ संख्या आहे. अशा दुहेरी घडणीच्या मूळ संख्या आजवर चारच माहीत आहेत: ७, १२७, २१४७४८३६४७ आणि २^१२७ − १. मग हिलाच घातांक केले तर? २^२१४७४८३६४७ − १ ही संख्या लिहायला सुमारे ६४ कोटी ६४ लाख अंक लागतात. तुलनेसाठी, ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली आणि आजवरच्या सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्यांच्या यादीत अग्रस्थानी आलेली २^१३६२७९८४१ − १ ही ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी आहे. इतक्या प्रचंड संख्येवर ल्युका-लेमर कसोटी चालवणे अतिशय जड, पण ऑयलर यांची गाळणी इथेही जशीच्या तशी लागू पडते: तिचा कोणताही मूळ विभाजक २ × २१४७४८३६४७ × क + १ या साच्याचाच असला पाहिजे. क च्या जागी एकेक संख्या घालत शोधणाऱ्यांना क = ६८७४५ पाशी २९५२५७५२६६२६०३१ हा विभाजक मिळाला. त्याला ८ ने भागून पाहावे. बाकी ७ येते, नियमाप्रमाणेच. म्हणजे ती अवाढव्य संख्या संयुक्त आहे, आणि हे सांगायला तिचा एकही अंक लिहावा लागला नाही. घातांकाच्या जागी त्यापुढची मेर्सेन मूळ संख्या २^६१ − १ ठेवली, तर तयार होणाऱ्या संख्येचे अंकच सुमारे ६९ कोटी अब्ज होतात, आणि तिचा एकही विभाजक अजून सापडलेला नाही. शोध मात्र त्याच साच्यात, क ची एकेक किंमत घेऊन, चालू आहे.